बाटलीच्या गळ्यातली हिरवी लोकर

१

सोमवारी सकाळी माखुलू नोझिझ्वेनं, म्हणजे नोझिझ्वे आजीनं, चहात दहा थेंब तेल टाकलं आणि कप रिकामा व्हायच्या आतच ती खुर्चीवरून खाली कोसळली. तिची नात लुमका शेगडीपाशी होती. ती सांगते, आजीचे दात एकमेकांवर आपटायला लागले, डोळे पांढरे झाले, आणि छातीत कुणी आतून ढोल बडवावा तशी धडधड सुरू झाली. आम्ही शेजारचे धावत पोचलो तोवर ढोल थांबला होता.

तेल गांजाचं होतं. आमच्या म्बोन्या गावाला गांजाचं नवल नाही, ते झाड या टेकड्यांवर माझ्या पणज्याच्या आधीपासून उगवतं. पण हे तेल वेगळं. नशा न आणणारं, थेंबाथेंबानं घ्यायचं, शहरातल्या एका कंपनीनं तपासून बाटलीत भरलेलं आणि फोनवरून मागवायचं. वर्षभरात गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे गुडघे त्या तेलावर चालायला लागले होते.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. औषध कुठलंही असो, पहिला थेंब घ्यायच्या आधी बाटली रविवारी चर्चमध्ये यायची. ते टेबल माझ्याकडे. मी कात्रीनं सील कापून बूच सैल करतो, कारण तोंड बंद असलेल्या बाटलीत प्रार्थना शिरत नाही असं आमच्याकडे मानतात. सगळ्या बाटल्या सारख्याच तपकिरी; अदलाबदल नको म्हणून प्रत्येकीच्या गळ्यात त्या त्या घराच्या रंगाची लोकर बांधतो. नोझिझ्वेच्या घरची निळी. मग सुवार्तिक वेलाफी टेबलावर हात पसरून गात गात प्रवचन करतो, आणि त्याचा आवाज... काय सांगू. तो एक ओळ टाकतो, शंभर बायका ती उचलतात, आणि पत्र्याचं छप्परसुद्धा सुरात थरथरतं. त्या आवाजानं मला दोनदा दारूतून बाहेर काढलंय. असं प्रवचन ऐकायला मी उपाशीपोटी दहा मैल चालत जाईन.

ती बाटली आदल्याच दिवशी माझ्या टेबलावर होती.

पूल पडल्यामुळे सगळंच उशिरा झालं. पुरानं आधीच्या बुधवारी पूल नेला होता. तो दुरुस्त होऊन मंगळवारी उघडला, तेव्हा कुठे नोझिझ्वेला शहराच्या शवागारात नेता आलं. पावाची गाडीसुद्धा तेव्हाच आली. सहा दिवस गावानं मक्याच्या कण्या आणि चवळीवर काढले होते. बुधवारी एक पोलीस शिपाई आला, त्यानं लुमकाचं नाव लिहून घेतलं आणि म्हणाला, "बाटली चर्चच्या कपाटात कुलपात ठेवा. शुक्रवारी दुपारी साहेब येतील, बाटली नेतील." जाता जाता मागे वळला. "आणि पोरीलाही."

२

त्या दिवशी चारच्या प्रार्थनेला नोझिझ्वेच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. गादी जमिनीवर, आरसा झाकलेला, बायका भिंतीला टेकून बसलेल्या. वेलाफी उभा राहिला आणि त्यानं गायला घेतलं, घरच्या हाताबद्दल, ज्या हातानं वाढायचं त्याच हातानं विष कालवणाऱ्यांबद्दल. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळ्यांच्या माना लुमकाकडे वळल्या. ती एकवीस वर्षांची पोर, आईबाप नसलेली, आजीच्या पाठीवर वाढलेली. ओंजळीत तोंड घालून बसली होती.

गाणं संपल्यावर नोझिझ्वेचा मुलगा सोन्वाबो उठला. "माझ्या आईला हिनं इंटरनेटवरचं विष पाजलं. शनिवारी ही कबरीजवळ येणार नाही. आईवर हिच्या हातची माती पडणार नाही."

आमच्यात याच्यापुढे शिक्षा नाही. जिच्या हातची माती नाकारली, तिला घर नाही आणि कूळही नाही.

"बोलून झालं का, सोन्वाबो?" मागून आवाज आला. मादोंत्सा. चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स होती. आता निवृत्त, पण अजूनही समोरच्याच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितल्याशिवाय बोलत नाही.

"मामा," आमच्याकडे आईच्या वयाच्या बाईला असंच म्हणतात, "तुम्ही मध्ये पडू नका."

"तुझ्या जन्माच्या वेळी मीच मध्ये पडले होते, नाहीतर पायाळू अडकला होतास. ऐक. गांजाचं साधं तेल असं मारत नाही. त्यानं झोप येते, पोट बिघडतं, दुसऱ्या गोळ्यांशी त्याचं भांडण होतं. पण घोटभर चहात असे झटके? बाटलीत जे होतं ते लेबलावर नव्हतं. ते आत कसं आलं हे मला शुक्रवार दुपारपर्यंत शोधू दे. नाही सापडलं तर तुझं तू बघ."

सोन्वाबो खाली बसला. वेलाफी मात्र हसून म्हणाला, "देव तुम्हाला प्रकाश देवो, मामा."

"देईल. तोवर भेले कपाटाची किल्ली देईल," असं म्हणत तिनं माझ्यापुढे हात पसरला.

३

गुरुवारी सकाळी चर्चच्या पायरीवर बसून मादोंत्सानं बाटली उन्हात फिरवून बघितली. लुमका समोर उकिडवी बसली होती.

"मी काही आंधळेपणानं घेतलं नव्हतं," लुमका म्हणाली. तिचा आवाज रडून रडून बसला होता. "लेबलावरचा चौकोन फोनवर टिपला. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र उघडलं. नंबर जुळला. किती काय आहे, कीटकनाशक नाही, शिसं नाही, सगळं वाचलं."

"शहाणी आहेस. आणि घेतलं कुठून? त्याच कंपनीच्या दुकानातून?"

लुमका जराशी घुटमळली. "नाही. फोनवर एक नवीन पान आलं होतं. तेच नाव, तीच चित्रं. थोडं स्वस्त. गुरुवारी मागवलं, शनिवारी आलं."

"पत्ता? दुकानाचा फोन?"

"फक्त मेसेज. मी म्हटलं, आजीला काही विचारायचंय, आवाज पाठवा किंवा फोन करा. तर म्हणे आमच्याकडे फक्त लिहून. मला जरा विचित्र वाटलं. इथे कोण लिहितं? माझी आजीसुद्धा फोनमध्ये बोलूनच पाठवायची."

मादोंत्सा माझ्याकडे वळली. "भेले, रविवारी या बाटलीचं सील तू कापलंस?"

"मीच कापतो नेहमी."

"मी 'नेहमी' विचारलं नाही."

कात्री आठवली, निळी लोकर आठवली. बूच धरलं होतं आणि ते हलक्या हातानं फिरलं होतं. कात्री लागलीच नव्हती.

"मला वाटलं, पोरीनं घरीच काढलं असेल..."

"मला वाटलं, वर हे नसतंच," लुमका म्हणाली. "आमच्या घरी बाटल्या चर्चमधून उघडूनच येतात. सील मी कधी बघितलंच नाही."

दुसऱ्या गावात हा प्रकार पहिल्याच मिनिटाला कळला असता. सील नाही म्हटल्यावर कुणीही बाटली परत केली असती. आमच्या भक्तीनं आमचे डोळे बांधले होते, आणि कुणाला तरी ते नीट ठाऊक होतं.

मादोंत्सानं केसातली पिन काढली. बुचाच्या खाली काचेवर तेलाचा चिकट थर होता, त्यात ती पिन फिरवली आणि टोकावर आलेलं काहीतरी माझ्या तळहातावर ठेवलं.

लोकरीचा धागा. नखाएवढा. हिरवा.

४

हिरवा रंग मामपिंगाच्या घरचा. आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात कोंबड्यांशी भांडत होती.

"माझी बाटली? मे महिन्यातच संपली! गुडघा काही सुधारला नाही, पण झोप मात्र अशी लागायची की नवऱ्याचं घोरणं ऐकू येईना. तेवढ्यासाठी तरी पैसे वसूल."

"रिकामी बाटली कुठाय?"

"कुठं असणार? भेलेला दिली. प्रार्थना झालेली बाटली मी काय कचऱ्यात टाकणार? मला काय ख्रिस्ती समजत नाहीस का, मादोंत्सा?"

खरं होतं. आशीर्वाद मिळालेली काच उकिरड्यावर जात नाही. रिकाम्या बाटल्या माझ्याकडे येतात, मी लोकर कापून ठेवतो, पोतं भरलं की ते नदीकाठी पुरलं जातं.

तिथून आम्ही जोंगीच्या दुकानात गेलो. गावाची पार्सलं त्याच्याकडेच उतरतात. मादोंत्साला बघताच त्यानं हात वर केले.

"माझ्याकडे बघू नका, मामा. मी साखरेत रेती घालत नाही, तेलात काय घालणार?"

"साखरेचं नंतर बघू. लुमकाचं पार्सल कुणी आणलं?"

"कुरियरवाल्यानं. म्हणजे, असंच वाटतंय. शनिवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर होतं. वर तिचं नाव. मी आत ठेवलं."

"शनिवारी तुझ्याकडे पाव होता?"

"कुठला पाव! पूल पड—" जोंगी मध्येच थांबला. एक बोट हवेतच राहिलं.

"हो. पूल पडला होता," मादोंत्सा म्हणाली. "पावाची गाडी येऊ शकली नाही. मग शहरातलं पार्सल कसं आलं? पोहत?"

बाहेर येऊन आम्ही परत निघालो. वाटेत वेलाफी भेटला, शनिवारच्या प्रवचनाची तयारी करत होता, गुणगुणत चालला होता. त्यानं टोपी काढून आम्हाला नमस्कार केला आणि सूर न तोडता पुढे गेला. मी नकळत ठेका धरला.

"भेले," ती हळूच म्हणाली, "पोतं तू स्वतः पुरतोस?"

मी ठेका धरायचा थांबलो.

५

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मादोंत्सानं सगळ्यांना नदीकाठी बोलावलं. म्फुंदिसी म्हणजे आमचे पाळक, सोन्वाबो, लुमका, मामपिंगा, जोंगी आणि वेलाफी. मी फावडं घेऊन उभा होतो. रात्रभर मी देवाला एकच मागत होतो, हा दुसरा कुणीतरी असू दे.

"सुवार्तिक," मादोंत्सा म्हणाली, "मे महिन्यातलं पोतं भेलेनं तुझ्या हातात दिलं. कुठे पुरलंस, जरा दाखव."

वेलाफीनं गढूळ पाण्याकडे हात केला. "तिथेच, काठावर. पण मामा, पूर तुम्ही बघितलात ना? काठच वाहून गेला."

"वाटलंच. मग एक सांग. मामपिंगाची बाटली त्या पोत्यात होती. पुरानं ती मातीतून काढली, तेल भरलं, बूच लावलं, आणि शनिवारी जोंगीच्या पायरीवर आणून ठेवली? आणि बघ," तिनं बाटली वर धरली, "लेबलाला मातीचा डागसुद्धा नाही. हा कागद जमिनीत एक दिवसही नव्हता."

ती लुमकाकडे वळली.

"लुमकानं प्रमाणपत्र तपासलं. ते खरंच होतं. पण ते बाटलीचं होतं, पोरी, आतल्या तेलाचं नव्हतं. खऱ्या बाटल्या हव्यात तर त्या जिथे रिकाम्या जमतात तिथून घ्यायच्या. सील नसलेलं खपवायचं तर जिथे सील कुणी बघतच नाही अशा लोकांना विकायचं. पूल पडला असताना पार्सल पोचवायचं तर नदीच्या अलीकडेच राहायला हवं. हे सगळं भेलेलाही जमलं असतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातातलं फावडं गळून पडलं.

"पण भेलेनं आवाज पाठवला असता," ती म्हणाली. "भेलेसारखे घोगरे म्हातारे या तालुक्यात पन्नास आहेत. जोंगीनंही पाठवला असता, थापा मारायला त्याला तोंडच लागतं. या भागात बोलायचं सोडून फक्त लिहिणारा दुकानदार एकच असू शकतो. ज्याचा आवाज 'नमस्कार' म्हणताच लहान मूलसुद्धा ओळखेल असा माणूस."

वेलाफी खाली बसला. चिखलातच बसला. बोलला तेव्हा त्याच्या आवाजात सूर नव्हता, पोत्यातून दाणे सांडावेत तसा सपाट आवाज.

"मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ ठाऊक नव्हतं."

"तेलात काय घातलंस?"

"परदेशातली भुकटी. टपालानं येते. फोनवरच मिळाली. लिहिलं होतं गांजासारखीच, फक्त कडक, चिमूटभर पुरते. खाली पाच तारे होते. लोकांनी चांगलंच लिहिलं होतं." त्यानं तोंड पुसलं. "सूर्यफुलाच्या तेलात ढवळायचो. यावेळी नीट विरघळली नसेल. तळाशी बसली असेल..."

"काय होतं त्यात? तू कुणाकडून तपासून घेतलंस?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"आणि बुधवारी?" सोन्वाबोचा आवाज फाटला. "बुधवारी माझ्या आईच्या गादीशेजारी उभा राहून हिच्यावर गायलास तू? मी... मी तुझं ऐकून..."

म्फुंदिसीनं त्याला धरलं नसतं तर वेलाफी नदीत गेला असता. लुमका मात्र जागची हलली नाही. तिनं फक्त विचारलं, "अशा किती बाटल्या विकल्यास?"

"पंधरा असतील. वीस असतील."

"कुणाकुणाला?"

"कसं सांगू? बायका खरं नाव देत नाहीत. दुकानात ठेव म्हणतात, न्यायला दुसरंच कुणी येतं."

जोंगीनं डोक्याला हात लावला. "पिशव्यांसारखी वाटली मी ती पार्सलं. कुणाला दिली, मला एकही आठवत नाही."

दुपारी साहेब आले. बाटली घेतली, आणि वेलाफीला घेतलं. गाडी दुरुस्त केलेल्या पुलावरून गेली. मी तिकडे पाठ करून उभा राहिलो, कारण मला भीती वाटत होती की तो गायला लागेल आणि माझे पाय त्याच्या मागे जातील.

६

शनिवारी टेकडीवर सगळी मंडळी पांढऱ्या-निळ्या झग्यांत उभी होती. शवपेटी दोरांवर खाली गेली. सोन्वाबोनं फावडं घेतलं, मातीनं भरलं आणि लुमकापुढे धरलं. "पहिली मूठ तुझी. मला क्षमा कर, बाळा. नाही केलीस तरी पहिली तुझीच."

तिनं हात पुढे केला नाही.

"थांबा, मालुमे," ती आईच्या भावाला म्हणाली, "आधी मला बोलू द्या." ती बायकांकडे वळली. "मी प्रमाणपत्र बघितलं, सील बघितलं नाही. स्वस्त का आहे हे विचारलं नाही. दुकानदार बोलत नाही तरी घेतलं. आजी रक्त पातळ करायच्या गोळ्या खात होती, तरी दवाखान्यात विचारलं नाही, कारण नर्स ओरडेल असं वाटलं. मी लाजले. तुम्ही आज लाजू नका. ज्यांच्याकडे ती बाटली आहे त्यांनी ती इथे ठेवावी. नाव कुणी विचारणार नाही."

वारा सुटला होता. कुणी हललं नाही. मादोंत्सानं आपली शाल गवतावर अंथरली आणि पाठ फिरवून उभी राहिली. तिचं बघून पुरुषांनीही पाठ फिरवली, म्फुंदिसीनंसुद्धा. मीही फिरवली.

मागून पर्सच्या चेन उघडल्याचा आवाज आला. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एकामागून एक. काच काचेला लागत होती. मी मनात मोजायला लागलो आणि नऊवर थांबलो, कारण पुढचा आवाज अगदी माझ्या खांद्यामागून आला होता. तिथे माझी बायको उभी होती.

माझे डोळे समोरच्या डोंगरावर होते. तिचा हात हळूच माझ्या हातात आला. तो तेलानं किंचित चिकट होता.

"किती दिवस?" मी न वळता विचारलं.

"तीन आठवडे," ती पुटपुटली. "तुला सांगितलं असतं तर टेबलावर आणायला लावली असतीस. सगळ्यांना कळलं असतं माझं कंबरडं गेलंय ते."

"आज घेतलंस?"

तिनं माझी बोटं घट्ट दाबली. मी तिचं मनगट धरलं आणि मादोंत्सा शिकवते तसं बोटानं नाडी शोधायला लागलो. सापडेना. मग सापडली. पळत होती, पण होती.

मागे लुमकाच्या हातची पहिली मूठ माती पेटीवर पडल्याचा आवाज झाला. कुणीतरी गाणं सुरू करायला हवं होतं. कुणाचाच आवाज निघाला नाही. शेवटी लुमकानंच सुरू केलं, बसलेल्या गळ्यानं, चुकीच्या पट्टीत. आणि आम्ही सगळ्यांनी तीच पट्टी धरली.